डोक्यावरचा भार चाकावर
लहान शेतकऱ्याच्या वस्तीवरील ओझ्याची सायकल

नांगरणीस किती दिवस लागले, खुरपणीस किती बाया लागल्या, औषधास किती पैसे पडले, हा हिशोब बहुतेक शेतकरी ठेवतात. निदान तो त्यांच्या ध्यानात तरी असतो. परंतु शेतावरील ने-आणीचा हिशोब कोणी ठेवीत नाही. वैरण शेतातून गोठ्यात येते, शेण गोठ्यातून खड्ड्यात जाते, दूध संकलन केंद्रावर पोहोचते, पेंडीचे पोते व दळण गावातून वस्तीवर येते. ही सर्व कामे "जाता-येता" उरकतात अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी डोक्यावर, मानेवर व कमरेवर उरकत असतात. आणि ते डोके बहुधा घरातील बाईचे असते.

हा भार पुष्कळसा हलका करणारे साधन अनेक वस्त्यांवर भिंतीला टेकून उभे आहे. ते साधन म्हणजे जुनी, जड बांधणीची सायकल. मात्र सायकल म्हणजे वर बसून जाण्याचे वाहन, हा समज त्यासाठी प्रथम सोडावयास हवा. लहान शेतकऱ्याच्या वस्तीवर सायकल ही मुख्यतः ओझे घालून ढकलीत न्यावयाची गाडी आहे. बसून जाणे हा तिचा दुसरा उपयोग होय.

एका वस्तीचे आठवड्याचे ओझे

दीड एकर जमीन व दोन संकरित गाई असलेली, गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर असलेली एक वस्ती हिशोबासाठी धरू. दोन गाईंना मिळून रोज ४० किलो हिरवी वैरण लागते असे मानल्यास आठवड्याची वैरण २८० किलो होते. रोजचे शेण ३० किलो धरल्यास आठवड्यास २१० किलो. रोज १६ लिटर दूध केंद्रावर घातले तर आठवड्यास ११२ लिटर, म्हणजे सुमारे ११५ किलो. पशुखाद्याचे ५० किलोचे एक पोते, दळण व किराणा मिळून २० किलो, आणि हंगामात टोमॅटोसारख्या मालाचे २० किलोंचे चार क्रेट म्हणजे ८० किलो. या सर्वांची बेरीज ७५५ किलो होते.

म्हणजे जेमतेम दीड एकराच्या या कुटुंबास दर आठवड्यास पाऊण टन ओझे हलवावे लागते. वर्षाचे ५२ आठवडे धरल्यास ते ३९ टनांच्या वर जाते. दूध रोज दोन वेळा न्यावेच लागते, ते वगळू. उरलेले ६४० किलो ओझे डोक्यावरून २५ किलोंच्या भाऱ्याने न्यावयाचे तर आठवड्यास २६ खेपा होतात. तेच सायकलवरून ५० किलोंच्या मापाने नेल्यास १३ खेपांत भागते. खेपा निम्म्या होतात, आणि मानेवर एकही किलो येत नाही.

हे आकडे प्रत्येक वस्तीवर थोडेफार बदलतील. शेतकरी बंधूंनी आपल्या घरचा एक आठवड्याचा हिशोब असाच मांडून पाहावा. बेरीज पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटेल.

बैलजोडी गेल्यानंतर

पूर्वी हे ओझे बैलगाडी ओढीत असे. १९७०-७१ सालच्या कृषि गणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहितीखातेदारी ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. मध्यम आकाराच्या बैलजोडीला रोज १६ ते २० किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाला सुमारे ६ ते ७ टन. कोरडवाहू ज्वारीच्या दोन एकरांच्या कडब्यात ही गरज भागत नाही. लहान खातेदाराने बैल विकून नांगरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर करून घ्यावी, हे यामुळेच घडू लागले. ट्रॅक्टर दोन तासांत पेरणी करून निघून जातो. रोजची वैरण, दूध व शेण यांसाठी तो परत येत नाही. बैलांच्या खांद्यावरचे ते ओझे घरातील माणसांच्या डोक्यावर येते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हेच घडले. आमची वस्ती सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. २०१२ साली पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जनावरे चारा छावणीत न्यावी लागली. तेथूनच वडिलांनी बैलजोडी विकली. दोन गाई तेवढ्या राखल्या. मी त्या वेळी कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षात होतो व सुटीत घरी आलो होतो. पाऊस पडला, पेरणी ट्रॅक्टरने झाली, आणि त्यानंतर मी पाहिले की बैलगाडीचे सारे काम आईच्या डोक्यावर गेले आहे. सकाळी वैरणीचा भारा, दुपारी दळण, संध्याकाळी पुन्हा भारा. रात्री ती मान धरून बसे; परंतु त्याबद्दल बोलत नसे.

घरात मोटारसायकल होती. असे घर हल्ली विरळाच की जेथे ती नाही. परंतु ती वडिलांबरोबर तालुक्याला, बाजाराला किंवा दुसऱ्याच्या कामावर गेलेली असे. ओझे उचलण्याच्या वेळी वस्तीवर असते ती सायकलच. यास्तव मोटारसायकल असलेल्या घरीही हा विषय गैरलागू ठरत नाही.

पहिली खेप आणि तिची शिकवण

शिकलेल्या मुलाने काहीतरी करून दाखवावे म्हणून मी वडिलांची जुनी सायकल बाहेर काढली. गावातून खताचे ५० किलोचे पोते आणावयाचे होते. ते मी कॅरिअरवर आडवे टाकले, त्यावर दळणाची १५ किलोंची पिशवी ठेवली व सुतळीने आवळले. आई बरोबर होती. सपाट रस्त्यावर सर्व ठीक चालले. ओढ्याच्या उतारास लागल्यावर मात्र ओल्या रिमवर ब्रेक धरेनात. मी हँडल ओढून धरले, आईने मागून पोते धरले. वाट खडबडीत होती. एका दगडावर चाक आदळताच कॅरिअरच्या पातळ कांबी वाकल्या, पोते मागे सरकले, पुढचे चाक उचलले गेले आणि सायकल आडवी झाली. आईचा गुडघा फुटला. पोते दगडावर फाटून निम्मे खत ओढ्याच्या चिखलात गेले. उसनवारीने आणलेले खत होते ते.

उरलेले खत आईने दुसऱ्या दिवशी डोक्यावरून नेले. ती एवढेच म्हणाली, "डोक्यावरचं वझं कुठं पडंल ते कळतं तरी. ह्या चाकाचं काय कळत न्हाई." त्या वेळी मला राग आला. आज मला वाटते की तिचे म्हणणे बरोबर होते. दोष चाकाचा नव्हता, तो माझ्या बांधणीचा होता. परंतु जे साधन कसे वागेल हे कळत नाही ते घरातील माणसाने का स्वीकारावे? शेतावर कोणतेही नवे साधन नेताना विस्तार कार्यकर्त्याने स्वतःस हा प्रश्न विचारावा. पुढे दिलेल्या सूचना त्या पडझडीतून व नंतरच्या अनुभवातून तयार झाल्या आहेत.

भार कोठे जातो

डोक्यावर ५० किलो घेतले म्हणजे मान, पाठीचा कणा व गुडघे यांवर पूर्ण ५० किलोंचा भार येतो, आणि तो वाट संपेपर्यंत राहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली की प्रौढ पुरुष कामगारास ५५ किलोंहून अधिक ओझे उचलून न्यावे लागत असल्यास ते शक्य तितक्या लवकर कमी करावे, आणि स्त्रियांच्या ओझ्याची मर्यादा याहून बरीच खाली असावी. आपल्या वस्त्यांवर ओल्या वैरणीचा भारा कोणी तोलून पाहत नाही.

तेच ५० किलो सायकलवर ठेवले व सायकलचे वजन २० किलो धरले तर एकूण ७० किलो होतात. हे वजन चाकांमार्फत जमीन पेलते. कठीण मातीच्या सपाट वाटेवर ढकलणाऱ्यास एकूण वजनाच्या शेकडा सुमारे तीन ते पाच एवढाच जोर लावावा लागतो, म्हणजे दोन ते साडेतीन किलो. वीस पावलांत एक पाऊल वर चढणारी वाट असल्यास त्यात साडेतीन किलोंची भर पडते. दहात एक असा चढ असल्यास सात किलोंची भर पडते व एकूण जोर नऊ-दहा किलोंवर जातो. म्हणूनच सपाट वाटेवर एकटे माणूस पुरते, आणि मोठ्या चढावर दुसऱ्याचा हात लागतो.

हवा भरलेल्या टायरचाही यात मोठा वाटा आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. सायकलच्या चाकाला हवेची धाव आहे. १८८८ साली ती प्रचारात आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर होते. टायरमध्ये हवा कमी असेल तर हा सारा लाभ नाहीसा होतो. किती हवा भरावी याचा आकडा टायरच्या बाजूवर उमटविलेला असतो. ओझे न्यावयाच्या दिवशी हवा त्या आकड्याच्या जवळ असावी.

सायकलची निवड व तयारी

नवी सायकल घेण्याचे कारण नाही. घरातील किंवा बाजारातील जुनी, मोठ्या चाकांची, जड सांगाड्याची सायकल उत्तम. डबल दांडीची मिळाल्यास अधिक चांगले. शहरी मुलांच्या हलक्या व स्प्रिंगच्या सायकली या कामास उपयोगी नाहीत. तयारी करताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

मागचे चाक : सर्व भार यावर येतो. जुन्या बांधणीच्या सायकलीस पुढच्या चाकात ३२ व मागच्या चाकात ४० तारा असतात. प्रत्येक तार बोटाने छेडून पाहावी. ज्या तारेचा आवाज बोदा येतो ती सैल आहे असे समजावे. तारा बदलावयाच्या झाल्यास मागच्या चाकास जाड तारा घालाव्यात. तारेचा गेज नंबर जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानदाराशी बोलताना ध्यानात ठेवावे.

कॅरिअर : सायकलबरोबर मिळणारे पातळ कांबींचे कॅरिअर पोत्यासाठी नसते. गावातील वेल्डिंगवाल्याकडून जाड सळईचे किंवा पाइपचे कॅरिअर करून घ्यावे. त्याचे पाय मागच्या चाकाच्या आसावर पक्के बसलेले असावेत, म्हणजे भार सरळ आसावर उतरतो. पुढचे टोक सीटखालच्या नळीस पट्टीने आवळावे. कॅरिअर चाकाच्या वर जितके खाली बसविता येईल तितके बसवावे, आणि ओझ्याचा मध्य आसाच्या मागे जाऊ नये. मध्य आसाच्या मागे गेला की पुढचे चाक उचलले जाते. माझ्या पोत्याचे नेमके हेच झाले.

ब्रेक : दोन्ही ब्रेक पूर्ण धरणारे असल्याखेरीज ओझे घालू नये. ब्रेकचे रबर झिजले असल्यास बदलावे. पावसात रिम ओली असताना ब्रेक उशिरा धरतात. त्या वेळी उतारावर बसून जाणे पूर्णपणे वर्ज्य समजावे.

स्टँड : दोन पायांचा रुंद स्टँड घ्यावा. त्याखेरीज कॅरिअरच्या उंचीचे एक दुबेळके लाकूड सायकलीस बांधून ठेवावे. वाटेत दम खावयाचा झाला तर त्याचा टेका देऊन सायकल उभी करता येते. एकट्या बाईमाणसास ओझे चढवावयाचे असेल तर या लाकडाचा फार उपयोग होतो.

साखळीचे चक्र : सायकल बसूनही चालवावयाची असेल तर मागचे फ्रीव्हील मोठे बसवावे. पुढच्या चक्रास ४८ व मागच्यास १८ दाते असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.६७ वेळा फिरते. मागे २२ दाती फ्रीव्हील घातल्यास ते २.१८ वेळा फिरते. वेग थोडा घटतो, परंतु पायावरील जोर सुमारे पाचवा हिस्सा कमी होतो. साखळीची लांबी त्याप्रमाणे जुळवून घ्यावी.

ओझे बांधण्याची रीत

हे शिकण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून जाणारा गवळी, मुंबईचे डबेवाले, पावाची मोठी टोपली कॅरिअरवर बांधून दारोदार हिंडणारे गोव्यातील पोदेर, या सर्वांनी आपापल्या ओझ्याची रीत बसविलेली आहे. त्यांच्या कामातून तीन नियम निघतात : भार खाली ठेवा, दोन्ही बाजूंस सारखा ठेवा, आणि हलू देऊ नका.

खत, पेंड किंवा सिमेंट यांची पोती कॅरिअरवर लांबीने, चाकाच्या रेषेत ठेवावीत. युरियाचे पोते १ मार्च २०१८ पासून ४५ किलोंचे झाले आहे. इतर पुष्कळ खते ५० किलोंच्या पोत्यात येतात. फक्त ढकलून न्यावयाचे असल्यास पोते दांडीखालच्या त्रिकोणात, पेडलच्या वर आडवे बसविणे सर्वांत चांगले. तेथे भार दोन्ही चाकांवर विभागला जातो व सायकल उलटत नाही. अर्थात मग तिच्यावर बसता येत नाही. आणि तेच सुरक्षित होय.

सुटे सामान नेण्यासाठी पडशीसारखी दुतोंडी थैली शिवून कॅरिअरवर टाकावी. जाड गोणपाटाची थैली टिकते. थैलीचा तळ चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून आतून सळईची चौकट लावावी. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पोत्यांच्या थैलीतून दळण, धान्य वा पशुखाद्य कधीही नेऊ नये, आणि फवारणीची औषधे खाण्याच्या कोणत्याही वस्तूबरोबर एका खेपेत बांधू नयेत.

बांधण्यासाठी सुतळी वापरू नये. ती घासून तुटते. कासरा किंवा जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या घ्याव्यात. ट्यूबची पट्टी ताणून बांधल्यास खड्ड्यातून जातानाही ओझ्यास आवळून धरते. मोकळी टोके तारांत किंवा साखळीत अडकणार नाहीत अशी खोचावीत. साडीचा पदर व काष्टा यांसाठी मागच्या चाकास जाळी लावून घ्यावी.

ढकलण्याची काठी

ओझे घातलेल्या सायकलचे हँडल धरून बाजूने चालताना पाय पेडलला लागतो, अंग वाकते व तोल जातो. यावर एक सोपा उपाय आहे. हँडलच्या चालणाऱ्याकडील मुठीस सुमारे दोन-अडीच हात लांब बांबू घट्ट बांधावा, म्हणजे हँडल बाहेरच्या बाजूस लांब होते. दुसरी मजबूत काठी सीटच्या नळीत किंवा कॅरिअरच्या पुढील टोकास उभी बांधावी. एका हाताने बांबू धरून दिशा द्यावी व दुसऱ्या हाताने उभी काठी धरून ढकलावे. अंग ताठ राहते, सायकल शरीरापासून दूर राहते आणि थोडा कल गेला तरी काठीने सावरता येते.

ही युक्ती जगाने पाहिलेली आहे. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी डोंगरवाटांनी अशाच काठ्या बांधलेल्या सायकलींवरून प्रत्येकी २०० किलो व त्याहूनही अधिक रसद नेली. झारखंडच्या खाणभागात आजही माणसे कोळशाची प्रचंड ओझी सायकलवर घालून मैलोगणती ढकलीत नेतात. सायकल किती भार सोसते याची ही उदाहरणे आहेत. माणसाने किती सोसावे याचा दाखला म्हणून ती घेऊ नयेत. आपल्या वस्तीवर बसून जाताना ३० ते ४० किलो, एकट्याने ढकलताना ५० ते ६० किलो, आणि वाट चांगली व दोन माणसे असताना ८० किलोंपर्यंत, एवढी मर्यादा पाळावी.

उतारावर ढकलणाऱ्याने सायकलच्या वरच्या अंगास राहावे व ब्रेकवर बोटे ठेवावीत. कॅरिअरला बांधलेला कासरा दुसऱ्या माणसाने मागून ताणून धरावा. त्याने पोते हातांनी धरू नये. सायकल पडू लागलीच तर दोघांनीही ती सोडून बाजूस व्हावे. पोते पुन्हा भरता येते.

दूध व वैरण

दुधासाठी दोन सारख्या आकाराचे लहान कॅन घ्यावेत व ते लोखंडी आकड्यांनी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस अडकवावेत. एकाच बाजूस एक मोठा कॅन अडकविल्यास सायकल सदैव ओढ घेते. दूध थोडे असेल तर मोठा कॅन अर्धा भरण्यापेक्षा लहान कॅन गळ्यापर्यंत भरावा. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये दूध हिंदकळते, सायकल डोलते आणि दूध घुसळले जाऊन वर लोण्याचे कण येतात. झाकणाच्या कड्या बांधून घ्याव्यात. उन्हाळ्यात कॅनभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. दूध काढल्यावर जितके लवकर केंद्रावर पोहोचेल तितके ते नासण्याचा धोका कमी, आणि दूध परत येण्याची वेळ टळते. डोक्यावर कॅन घेऊन दोन किलोमीटर चालावयास अर्धा तास लागतो. सायकलवर बसून जाणाऱ्यास त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पोहोचता येते. येथे बसून जाण्याचा खरा फायदा आहे.

वैरणीचा भारा आडवा बांधला तर वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बांधास व काट्यांस अडकतो. तो लांबीने बांधावा, किंवा दोन लहान भारे करून थैलीसारखे दोन्ही बाजूंस टाकावेत. हिरवा मका किंवा गवत यांची टोके तारांत जाऊ नयेत म्हणून खालून फळी लावावी.

सपाट माळावर वस्ती असेल तर जुन्या सायकलच्या दोन चाकांची लहान गाडी करून ती मागच्या आसास जोडता येते. शेणखत नेण्यास ती फार सोयीची असते, आणि सोडवून घेतल्यास हातगाडी म्हणून वापरता येते. मात्र तिला रुंद वाट लागते व उतारावर ती सायकलला पुढे रेटते.

वाट दुरुस्त करा

सायकल नीट केली व वाट तशीच ठेवली तर काम अर्धेच झाले. वस्तीपासून गोठ्यापर्यंत व रस्त्यापर्यंतच्या पायवाटेचा एक दिवस काढावा. उघडे दगड उचलावेत, खड्ड्यांत मुरूम घालून चोपावा, ओढ्याच्या उतारास थोडे वळण देऊन चढ सौम्य करावा. ज्या जागी सायकल दरवेळी अडते ती जागा घरातील बाई बरोबर सांगेल, तिला विचारावे. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांनी मिळून काम केल्यास ते एका दिवसात होते.

काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात सायकल चालत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होते. अशा वेळी सायकल मुरमाच्या रस्त्याशी आडोशाला ठेवावी व तेथपर्यंतचेच ओझे लहान करून हाताने न्यावे. पावसापूर्वीच पेंड व खते वस्तीवर आणून कोरड्या जागी, फळ्यांवर रचून ठेवणे हाच खरा उपाय. वाळूच्या पात्रात व घाटाच्या चढावरही सायकलीवर भरवसा ठेवू नये. मोठ्या रस्त्याने अंधारात ओझे नेऊ नये. नेणे भागच असेल तर मागे तांबडे परावर्तक व पुढे दिवा असावा. लहान मुलांच्या हाती ओझ्याची सायकल देऊ नये.

देखभालीस फार वेळ लागत नाही. रोज हवा व ब्रेक पाहावे. आठवड्यास एकदा साखळीस तेल द्यावे, कॅरिअरचे नट आवळावेत व तारा छेडून पाहाव्यात. पंप, पंक्चरचे सामान व दोन पाने वस्तीवर असावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर भाषण करू नये, प्रात्यक्षिक करावे. त्यासाठी एक ताणकाटा, एक भरलेले पोते व तयार केलेली एक सायकल पुरे. प्रथम एखाद्या भगिनीने आणलेला वैरणीचा भारा सर्वांसमक्ष तोलावा व आकडा फळ्यावर लिहावा. नंतर तोच भारा सायकलवर बांधून सायकलीस ताणकाटा अडकवावा व सपाट जागेवर हळूहळू ओढावी. काट्यावर किती किलो दिसतात ते दुसऱ्या आकड्याच्या शेजारी लिहावे. या दोन आकड्यांपुढे अधिक सांगण्याची जरुरी राहत नाही. त्यानंतर काठी बांधून स्त्रियांनाच सायकल ढकलावयास द्यावी. ज्यांना ओझे वाहावे लागते त्यांचा हात बसला, तरच साधन घरात टिकते.

माझ्या घरी असेच झाले. जाड सळईचे कॅरिअर व बांबूची काठी बसवून मी कॉलेजला परतलो, तेव्हा आईने सायकलीस हातही लावला नव्हता. महिन्याभराने आलो तो ती ओढ्याच्या अलीकडच्या सपाट वाटेने वैरणीचे दोन भारे ढकलीत येताना दिसली. ओढ्यातून मात्र ती सायकल रिकामी पार करी व भारे हाताने पलीकडे नेई. तो उतार आम्ही त्याच दिवाळीत मुरूम घालून सोपा केला. त्यानंतर ओढ्याशी उतरून ठेवणे बंद झाले.

ती आजही सायकलवर बसत नाही. तिला बसता येत नाही. परंतु वैरणीचा भारा तिच्या डोक्यावर चढलेला मी त्यानंतर क्वचितच पाहिला. शेतकरी बंधूंनी आपल्या घरचे आठवड्याचे ओझे एकदा तोलून पाहावे, भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढावी, आणि सुरुवात वस्तीवरील सर्वांत सपाट वाटेवर, सर्वांत हलक्या ओझ्याने करावी.